कापसाच्या मुलखातील गिरणी

जमशेटजी टाटा यांचे नाव आज पोलादाशी जोडले जाते. त्यांच्या उद्योगाचा पाया मात्र सुताने घातला. ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींनी मुंबईबाहेर, कापूस पिकतो त्या नागपुरात गिरणी काढायचे ठरवले, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. परंतु तेथे कापूस हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि रेल्वेही पोहोचली होती. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. नव्या पद्धतीच्या रिंग चात्या त्यांनी तेथे आजमावल्या; कामगारांसाठी पेन्शन फंड उभारला.

खरी कसोटी पुढे लागली. १८८६ मध्ये कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल विकत घेऊन त्यांनी तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. जुनाट यंत्रांमुळे तोटा वाढला, समभाग कोसळले. तेव्हा स्वतःची कमाई आणि नागपूरचा अनुभव पणाला लावून त्यांनी ती गिरणी सावरली.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. कालांतराने एम्प्रेसचा भोंगाही कायमचा थांबला. कापूस पिकतो तेथेच त्याचे सूत व्हावे, हा त्यांचा आग्रह मात्र विदर्भात अजून जुना झालेला नाही.