दुर्गाबाई आणि सुरण

दुर्गा भागवत म्हटलं की बहुतेकांना आणीबाणी आठवते. 1975 चं कराडचं साहित्य संमेलन, अध्यक्षपदावरून त्यांनी घेतलेली ठाम भूमिका आणि पुढच्या वर्षी झालेला तुरुंगवास. आपल्या शिक्षकांनीही वर्गात त्यांची हीच ओळख करून दिली होती. मला सांगायचं आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं.

दुर्गाबाईंचा जन्म 10 फेब्रुवारी 1910 चा, इंदूरचा. घर शिकलेलं. धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या शास्त्रज्ञ कमला सोहोनी. त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. दुर्गाबाईही त्याच वाटेवर होत्या. मध्ये स्वातंत्र्यचळवळीसाठी शिक्षण थांबवलं, मग एम.ए. केलं, आरंभीच्या बौद्ध न्यायव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. नंतर डॉक्टरेटसाठी मध्य प्रांतातल्या गोंड आदिवासींमध्ये जाऊन राहिल्या. तिथे रानातला विषारी सुरण त्यांच्या खाण्यात आला.

सुरण म्हणजे काय, ते रेडीच्या माणसाला सांगायला नको. चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय तो आपल्याकडे शिजत नाही, तरी एखाद्या वेळी घसा खवखवतोच. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात म्हणून ती खाज. रानटी जातीत त्यांचा त्रास आणखी जास्त. दुर्गाबाईंच्या बाबतीत मात्र गोष्ट खाजेवर थांबली नाही. जवळजवळ सहा वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या. तिशीतली ऐन उमेदीची वर्षं. प्रबंध पुरा झाला नाही, डॉक्टरेट राहिली ती राहिलीच.

इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेली असल्यामुळे मी इथे जरा अडखळते. आपल्या पिढीत टक्के आणि डिग्री म्हणजे गावाबाहेर पडायचं तिकीट होतं. ते हातातून निसटलं असतं तर आपल्यापैकी किती जण सावरलो असतो? दुर्गाबाईंच्या घरात तर शेजारी सख्ख्या बहिणीची केंब्रिजची पदवी होती. त्यांना काय वाटलं असेल, ते माझ्या कल्पनेपलीकडचं आहे.

आजारातून उठल्यावर पदवीचा नाद त्यांनी सोडला, अभ्यासाचा नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय हे त्यांचं जणू दुसरं घर झालं. 1956 साली ‘ऋतुचक्र’ आलं. तेव्हा त्या 46 वर्षांच्या होत्या, म्हणजे साधारण आपल्या बॅचच्या आजच्या वयाच्या. बारा महिन्यांतली झाडं, पानं, पाखरं इतक्या निगुतीने पाहणारं मराठी पुस्तक मी तरी दुसरं वाचलेलं नाही. त्याच सुमाराला ‘लोकसाहित्याची रूपरेषा’. पुढे ‘व्यासपर्व’, ‘पैस’. ‘पैस’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आणि याच बाईंनी मुलांसाठीही लिहिलं, ही गोष्ट चारचौघांत फारशी निघत नाही. ‘तुळशीचे लग्न’, ‘वनवासी राजपुत्र’, ‘चंद्रलेखा आणि आठ चोर’ ही त्यांची बालपुस्तकं. शिवाय भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथा त्यांनी मराठीत आणल्या. लोककथा त्यांच्या लेखी केवळ संशोधनाचा ऐवज नव्हता, ती आधी सांगायची गोष्ट होती. आपल्या आज्या पडवीत बसून ज्या गजाली सांगायच्या, त्याच जातीची. पंडित बाई मुलांपुढे आली की सहसा उपदेश सुरू होतो. दुर्गाबाईंच्या गोष्टीत चोर चोरासारखा वागतो आणि राजपुत्र रानात हिंडतो.

जाता जाता, ‘खमंग’ नावाचं खाद्यपदार्थांचं पुस्तकही त्यांनी लिहिलं. एका भाजीने सहा वर्षं अंथरुणात घालवलेल्या बाईने! त्यांच्या स्वभावाचा हा भाग मला सगळ्यात आवडतो.

पद्मश्री आणि ज्ञानपीठ त्यांनी नाकारले. 7 मे 2002 रोजी मुंबईत त्या गेल्या. नावामागे ‘डॉ.’ शेवटपर्यंत लागलं नाही, आणि आज लोककथांवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींना त्यांची पुस्तकं चाळावीच लागतात.