हॅरी हुडिनी : भुतांचा माग काढणारा जादूगार

भूत खरंच असतं का, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. ऑफ तासाला तर हमखास! मग गावाबाहेरच्या वडाची, पडक्या विहिरीची, रात्री ऐकू येणाऱ्या पैंजणांची गोष्ट निघते आणि मागच्या बाकावरची मंडळी हळूच पुढे सरकतात. आज आपण अशा एका माणसाचे चरित्र पाहणार आहोत, ज्याने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. तो शास्त्रज्ञ नव्हता. फारसा शाळेतही गेलेला नव्हता. तो होता जादूगार. नाव हॅरी हुडिनी.

बेड्यांतून, कुलूपबंद पेट्यांतून सुटणारा माणूस म्हणून तुम्ही हे नाव कदाचित ऐकले असेल. ती त्याची ओळख खरीच आहे. पण मला स्वतःला त्याच्या सुटकेच्या प्रयोगांपेक्षा त्याने केलेली ही दुसरी शोधाशोध जास्त महत्त्वाची वाटते.

हुडिनीचा जन्म २४ मार्च १८७४ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरात झाला. मूळ नाव एरिक वाइस. वडील ज्यू धर्मगुरू होते. एरिक चार वर्षांचा असताना हे कुटुंब अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिन राज्यातील अॅपलटन या गावी राहिले. पुढे वडिलांची नोकरी गेली, घरात चणचण सुरू झाली. एरिकने लहान वयातच मिळेल ते काम केले. न्यूयॉर्कला आल्यावर तो टायच्या कारखान्यात कापड कापत असे. त्याच काळात त्याच्या हाती रॉबेर-हुदँ या फ्रेंच जादूगाराचे आत्मचरित्र पडले. पोरगा इतका भारावला की त्याने त्या आडनावापुढे एक अक्षर जोडून स्वतःचे नवे नाव तयार केले, हुडिनी. १८९४ मध्ये त्याने बेस या तरुणीशी लग्न केले आणि दोघे मिळून जादूचे प्रयोग करू लागले.

आता इथे जरा थांबा. कारण पुढची सगळी गोष्ट समजायची तर या पाच-सहा वर्षांतला एक प्रसंग लक्षात ठेवावा लागेल.

१८९७-९८ चा हिवाळा. प्रयोगांना गर्दी नाही, खिशात पैसे नाहीत. तेव्हा हुडिनी आणि बेस औषधे विकत गावोगाव फिरणाऱ्या एका कंपनीत दाखल झाले. मालकाला गर्दी खेचायची होती. त्या काळी अमेरिकेत मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांचे मोठे वेड होते. आपल्याकडे प्लँचेट माहीत आहे ना, साधारण तशातलाच प्रकार. मृतात्मा ज्याच्या तोंडून बोलतो असे मानत, त्याला मीडियम म्हणत. हुडिनी नवरा-बायको मीडियम बनले! पद्धत अगदी सोपी होती. गावात पोचले की दिवसा स्मशानभूमीत जायचे, थडग्यांवरची नावे आणि तारखा टिपून घ्यायच्या. गावगप्पा ऐकायच्या. कोण कशाने गेला, कोणाचे मूल दगावले, कोणाचे कोणाशी भांडण होते, हे सगळे जमवायचे. रात्री मंचावर हुडिनीला खुर्चीला बांधत, दिवे मंद होत, आणि मग गावातल्याच एखाद्या मेलेल्या माणसाचा निरोप त्याच्या तोंडून येई. लोक ढसाढसा रडत. तिकिटे खपत.

काही काळाने दोघांनी हे काम सोडले. आपण ज्यांना फसवतो आहोत ती माणसे खरोखर दुःखात आहेत, हे त्याला तेव्हा पुरते कळले नव्हते. पुढे कळले, आणि त्याची त्याला लाज वाटत राहिली.

त्यानंतरचे यश भराभर आले. १८९९ मध्ये एका मोठ्या नाट्यव्यवस्थापकाने त्याला हेरले, १९०० मध्ये तो लंडनला गेला, आणि पोलिसांच्या बेड्या उघडून दाखवणारा माणूस म्हणून युरोपभर गाजला. पाण्याने भरलेल्या दुधाच्या कॅनमधून सुटका, पाय वर आणि डोके खाली अशा अवस्थेत पाण्याच्या पेटीतून सुटका, १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावरून जिवंत हत्तीण गायब करणे, यादी मोठी आहे. एक प्रयोग तर भारताच्या नावाने ओळखला जाई. त्यात तो सुया आणि दोरा वेगवेगळे गिळायचा आणि तोंडातून सुया ओवलेला दोरा बाहेर काढायचा. पण एक गोष्ट त्याने कधी सोडली नाही. माझ्या अंगी दैवी शक्ती आहे, असे तो चुकूनही म्हणाला नाही. सराव, ताकद आणि युक्ती, एवढेच माझे भांडवल आहे, असे तो सांगत असे.

१९१३ च्या जुलैमध्ये तो डेन्मार्कला कोपनहेगनमध्ये असताना तार आली. आई वारली होती. हुडिनीचे आईवर विलक्षण प्रेम होते. तो दौरा टाकून निघाला, पण शेवटची भेट झाली नाही ती नाहीच. पुढे कितीतरी महिने त्याचे कशात लक्ष लागेना.

आता विचार करा. मीडियमची सगळी लबाडी आतून माहीत असलेला हा माणूस, आणि त्यालाच मनापासून वाटतेय की आईचा एखादा शब्द कुठून तरी यावा. तो खरोखरच बैठकांना जाऊन बसू लागला. श्रद्धेने बसला, असे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. पण दर वेळी त्याला हातचलाखी दिसायची. ज्या युक्त्या तो स्वतः करून चुकला होता, त्याच!

याच सुमारास पहिले महायुद्ध झाले आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली. घराघरांत तरुण मुले गेली होती. साहजिकच मीडियम लोकांकडे रांगा लागल्या. हे वेड खरे तर १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात सुरू झाले होते. तिथे फॉक्स नावाच्या दोन बहिणींच्या घरात भिंतीतून ठकठक आवाज येत आणि ते प्रश्नांना उत्तरे देत! चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यांतल्या मार्गारेटने भर सभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले. तोच तो भुताचा आवाज. तरीही वेड थांबले नाही.

या काळात हुडिनीची एक अजब मैत्री जमली. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल. पुराव्याशिवाय एक पाऊल न टाकणारा गुप्तहेर ज्यांनी निर्माण केला, ते स्वतः मात्र मृतात्म्यांवर पूर्ण विश्वास ठेवत. १९१८ मध्ये त्यांचा मुलगा किंग्स्ली वारला होता. इंग्लंडमधील कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटोही त्यांनी खरे मानले आणि त्यांवर पुस्तक लिहिले. (त्या मुली म्हाताऱ्या झाल्यावर, १९८३ मध्ये, पऱ्या कागदावर काढून कापलेल्या होत्या हे त्यांनी कबूल केले!) गंमत म्हणजे, हुडिनी खरा दैवी शक्तीनेच पेटीतून सुटतो आणि ते लपवतो, असे डॉयल यांना वाटे. हुडिनी नाही म्हणायचा, डॉयल मानायचे नाहीत.

१७ जून १९२२. अमेरिकेतील अटलांटिक सिटी. डॉयल यांच्या पत्नी लेडी डॉयल यांच्या अंगात आत्मा येऊन हात आपोआप लिहू लागतो, असा दोघांचा विश्वास होता. त्यांनी हुडिनीला हॉटेलच्या खोलीत बोलावले. पडदे ओढले. पेन्सिल भराभर चालू लागली आणि पंधरा पाने भरली. आईचा मुलाला निरोप! हुडिनी गप्प बसून होता, चेहरा पांढराफटक. डॉयल यांना वाटले, पटले याला.

पण हुडिनीच्या मनात वेगळेच चालले होते. निरोप चांगल्या इंग्रजीत होता. त्याच्या आईला इंग्रजी लिहिता येत नव्हते. पहिल्याच पानावर क्रॉस काढलेला होता. आई तर ज्यू धर्मगुरूची पत्नी. आणि सर्वांत टोचणारी गोष्ट म्हणजे तो दिवस आईच्या वाढदिवसाचा होता, आणि पंधरा पानांत त्याचा उल्लेखही नव्हता. डॉयल यांच्याकडे उत्तरे होती. आत्म्याला भाषेची अडचण नसते, क्रॉस तर माझी पत्नी नेहमीच काढते, वगैरे. डॉयल दांपत्य आपल्याला मुद्दाम फसवत नव्हते, हे हुडिनीलाही मान्य होते. पण काही महिन्यांनी त्याने वर्तमानपत्रातून जाहीर केले की मृतात्म्याचा एकही पुरावा आजवर मला मिळालेला नाही. डॉयल दुखावले. मैत्री तुटली ती तुटलीच.

यानंतर हुडिनीने कंबर कसली. सायंटिफिक अमेरिकन या मासिकाने अलौकिक शक्ती सिद्ध करणाऱ्याला २५०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. परीक्षक समितीत प्राध्यापक होते, संशोधक होते आणि हुडिनी होता. बोस्टनच्या एका नामवंत सर्जनची पत्नी, मार्जरी या टोपणनावाने ओळखली जाणारी मिना क्रँडन, बक्षिसाच्या अगदी जवळ पोचली होती. तिच्या बैठकीत तिचा मेलेला भाऊ वॉल्टर येत असे आणि अंधारात घंटा वाजवत असे.

घंटा वाजते कशी? एक लाकडी पेटी, वर फळी. फळी दाबली की आतल्या बॅटरीवरची विजेची घंटा वाजणार. पेटी परीक्षकाच्या पायांमध्ये ठेवलेली. मार्जरीचे हात शेजाऱ्यांनी धरलेले, पाय शेजाऱ्याच्या पायाला टेकलेले. आणि मिट्ट काळोख. मग दाबते कोण?

जुलै १९२४ मध्ये हुडिनी तिच्या शेजारी बसला. त्याने काय केले असेल सांगा बरं? सकाळपासून त्याने गुडघ्याखाली रबराची घट्ट पट्टी बांधून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत पाय सुजला आणि इतका हुळहुळा झाला की नुसता कापडाचा स्पर्शही कळावा. बैठकीच्या आधी पट्टी काढली, पॅन्ट थोडी वर ओढली. अंधारात मार्जरीचा पाय इंचाइंचाने पेटीकडे सरकत गेला, तो त्याला स्पष्ट कळला. घंटा वाजली. बिचाऱ्या वॉल्टरचा त्यात काही हात नव्हता!

प्राध्यापक मंडळींना हे का दिसले नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. फसवणारा माणूस कसा विचार करतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. हुडिनीला ठाऊक होते, कारण तो त्या बाजूला राहून आला होता.

पुढच्या महिन्यात त्याने मार्जरीसाठी खास लाकडी पेटी बनवली. तिचे डोके आणि हात तेवढे बाहेर राहत. त्या पेटीत एक घडीची मोजपट्टी सापडली. हुडिनी म्हणे तिने ठेवली, ती बाजू म्हणे त्यानेच ठेवली. पुढे कितीतरी वर्षांनी हुडिनीच्या मदतनिसाच्या नावावर अशी कबुली सांगितली गेली की पट्टी त्याने ठेवली होती. पण त्या कबुलीचीही खात्री देता येत नाही. ते कोडे सुटलेले नाही. १९२५ मध्ये समितीने बक्षीस नाकारले.

हुडिनी आता गावोगावच्या मीडियम लोकांना आव्हान देत फिरू लागला. मला करून दाखवता येणार नाही असा एक चमत्कार दाखवा आणि १०,००० डॉलर घेऊन जा! त्याच्या आधी गावात रोझ मॅकेनबर्ग ही त्याची हेर पोचायची. वेष बदलून ती बैठकांना बसे. तिचे लग्नच झाले नव्हते, तरी तिला मेलेल्या नवऱ्याचे आणि मुलांचे निरोप मिळत. पैसे भरले की धर्मगुरूपदाचे प्रमाणपत्रही मिळे. असली प्रमाणपत्रे तिने अनेकदा मिळवली. १९२६ मध्ये पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर राजधानीत बंदी घालावी म्हणून हुडिनीने अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. तो कायदा मात्र झाला नाही.

त्याच वर्षी रहमान बे नावाचा फकीर न्यूयॉर्कला आला. समाधीच्या बळावर मी बंद पेटीत पाण्याखाली तासभर राहतो, असा त्याचा दावा होता. हुडिनी ५२ वर्षांचा होता. तीन आठवडे सराव करून ५ ऑगस्टला तो शेल्टन हॉटेलच्या तलावात हवाबंद पेटीत उतरला आणि १ तास ३१ मिनिटांनी बाहेर आला. समाधी वगैरे काही नाही. घाबरायचे नाही, हालचाल करायची नाही, श्वास हलका घ्यायचा, एवढेच. हे सगळे टिपून त्याने अमेरिकेच्या खाण विभागातील तज्ज्ञाला कळवले. खाणीत अडकलेल्या मजुरांना उपयोग होईल, हा हेतू.

त्या ऑक्टोबरमध्ये माँट्रियलला एका विद्यार्थ्याने त्याच्या ताकदीची परीक्षा म्हणून पोटात गुद्दे मारले. हुडिनी कोचावर पडलेला होता, स्नायू आवळायला वेळ मिळाला नाही. दोन दिवसांनी डेट्रॉइटला त्याने ताप अंगात असताना प्रयोग केला. अपेंडिक्स फुटले होते. प्रतिजैविके तेव्हा आलेली नव्हती. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी तो गेला. नेमका हॅलोविनचा दिवस, त्यामुळे लोकांनी काय काय जोडले असेल, विचारू नका. मीडियम लोकांनी विष घातले, इथपर्यंत. त्याला पुरावा काहीच नाही. गुद्द्यांमुळे अपेंडिक्स फुटू शकते का, यावर मात्र डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. दफन करताना त्याच्या डोक्याखाली आईची पत्रे ठेवली होती.

जाण्यापूर्वी त्याने बेसशी एक सांकेतिक निरोप ठरवून ठेवला होता. मेल्यानंतर खरोखर बोलता आले, तर तो हाच शब्द पाठवील, म्हणजे खोटे लगेच ओळखू येईल. १९२९ मध्ये आर्थर फोर्ड नावाच्या मीडियमने तो निरोप सांगितला आणि एकच खळबळ उडाली. बेसने आधी होकार दिला, नंतर तो मागे घेतला. फोर्डला तो निरोप कुठून मिळाला, यावर आजही वाद घालतात.

बेसने दहा वर्षे वाट पाहिली. ३१ ऑक्टोबर १९३६ च्या रात्री हॉलिवूडमधील निकरबॉकर हॉटेलच्या गच्चीवर शेवटची बैठक झाली. टेबलावर कुलूप लावलेल्या बेड्या, घंटा आणि पाटी ठेवली होती. त्याला हाका मारल्या गेल्या, पुन्हा पुन्हा. घंटा वाजली नाही, बेड्या उघडल्या नाहीत. त्याच्या फोटोपाशी दहा वर्षे तेवत ठेवलेला दिवा बेसने त्या रात्री विझवला. १९४३ मध्ये तीही वारली. जादूगार मंडळी मात्र अजून दर ३१ ऑक्टोबरला कुठे ना कुठे त्याच्या नावाने बैठक भरवतात.