बालगंधर्वांनी गाण्याचा श्रीगणेशा केला तो आपल्या खानदेशातल्या जळगावात

आज कुणाला गिटार शिकायची हुक्की आली तर काय करतो? ऑनलाईन गिटार मागवतो, मोबाईलवर व्हिडिओ लावतो आणि बसतो तारा छेडत. दोन आठवड्यांत बोटं दुखायला लागतात आणि बऱ्याच जणांची गिटार कपाटाच्या वर जाऊन बसते.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या पोराला संगीत शिकायचं असेल तर? भारतात ग्रामोफोनसाठी पहिलं रेकॉर्डिंग झालं तेच १९०२ साली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते १९०१ साली. म्हणजे त्याआधी ऐकायला तबकडी नव्हती आणि शिकायला आजच्यासारखे क्लास नव्हते. एकच रस्ता होता. गावात कुणी जाणकार गवई असेल तर त्याच्यासमोर जाऊन बसायचं.

जळगावात असाच एक मुलगा मेहबूबखाँ नावाच्या उस्तादांसमोर जाऊन बसला. त्याचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. पुढे अख्खा महाराष्ट्र त्याला बालगंधर्व म्हणून ओळखणार होता.

नारायणचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस घराणं मूळचं सांगलीकडच्या नागठाण्याचं. पोराचा आवाज गोड होता आणि गाण्याची ओढ उपजतच होती. लहानपणी त्याचा मुक्काम जळगावात होता, आणि इथेच त्याच्या गाण्याला पहिल्यांदा गुरू मिळाला.

तेव्हाचं जळगाव म्हणजे रेल्वेमुळे आणि कापसामुळे वाढत चाललेलं गाव. खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार चालायचा धुळ्यातून. पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन तुकडे झाले ते १९०६ साली. पुणे, मुंबई, बडोदा ही तेव्हाची संगीताची मोठी ठिकाणं. त्या मानाने जळगाव छोटं होतं, तरी एका गुणी पोराच्या गळ्याला पहिलं वळण लावणारा उस्ताद या गावात होता.

नवशिक्याला गाणं शिकणं म्हणजे काय असतं, ते शिकणाऱ्यालाच माहीत. पहिल्या दिवशी राग मिळत नाही. आधी सा लावायचा. तो स्थिर झाला की पुढचे सूर, मग पलटे, तेच तेच, शंभरदा. गिटार शिकणाऱ्याच्या बोटांना जसे घट्टे पडतात, तसा गवयाचा गळा घासून घासून तयार होतो. गोड आवाज निसर्ग देतो, पण तो सुरात आणि तालात ठेवायची सवय तालमीनेच लागते.

याच बालपणातला एक प्रसंग महाराष्ट्रात घरोघरी सांगितला जातो. नारायण साधारण दहा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं. ते इतकं आवडलं की त्यांनी या पोराला बालगंधर्व म्हटलं. ते नाव असं काही चिकटलं की पुढे म्हातारपणीही लोक त्यांना बालगंधर्वच म्हणत राहिले.

पण नाव मिळालं म्हणजे पोट भरतं असं नाही. त्यात नारायणला कानाचं दुखणं. गाणाऱ्या माणसाचा कानच अधू झाला तर सगळंच संपलं. इथे मदतीला आले कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. त्यांनी उपचारासाठी नारायणला मिरजेला पाठवलं.

आणि मिरजेतच त्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

झालं असं होतं, की किर्लोस्कर नाटक मंडळीचे लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले होते. तेव्हा संगीत नाटकांत बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि गाणंही नटानेच रंगमंचावर उभं राहून गायचं. माईक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाने पैसे मोजलेले असायचे आणि त्यालाही गाणं ऐकू जायला हवं असायचं. कंपनीला दिसायला देखणा आणि गळ्याने तयार असा मुलगा हवा होता. १९०५ साली नारायण कंपनीत दाखल झाला आणि मिरजेत शकुंतला म्हणून प्रेक्षकांसमोर उभा राहिला. वय होतं १७.

दुसरा कुणी असता तर आता आपण शिकलो असं समजून थांबला असता. बालगंधर्व पुन्हा शिष्य झाले. त्यांचे गुरू होते भास्करबुवा बखले.

बुवांची स्वतःची गोष्टही नवशिक्यांनी वाचावी अशी आहे. लहानपणी तेही किर्लोस्कर कंपनीतच नट होते. वयात येताना आवाज फुटला आणि कंपनीतलं काम सुटलं. मग त्यांनी बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि नंतर अल्लादिया खाँ अशा दिग्गजांकडे वर्षानुवर्षं विद्या घेतली. ज्याचा गळा एकदा गेला होता, तोच माणूस पुढे महाराष्ट्राच्या सर्वात लाडक्या गळ्याचा गुरू झाला.

१९१३ साली बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या साथीने गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली खाडिलकरांचं स्वयंवर आलं. त्याच्या चाली भास्करबुवांच्या. रागदारी संगीत जे तोवर मैफलीतल्या जाणकारांपुरतं होतं, ते नाटकाच्या तिकिटावर साध्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचलं. बालगंधर्वांनी साथीला ऑर्गन आणला, तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा उस्ताद बसवला. त्यांची साडी नेसण्याची आणि दागिने घालण्याची पद्धत घरोघरच्या बायका उचलू लागल्या.

या कौतुकाची किंमतही त्यांनी मोजली. १२ मार्च १९११ रोजी मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रेक्षक जमले होते. बालगंधर्व तोंडाला रंग लावून भामिनी म्हणून उभे राहिले.

पैशाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात कायम सैल. नाटकाच्या थाटामाटावर पाण्यासारखा पैसा गेला आणि कंपनीवर कर्ज चढलं. तेवढ्यात बोलपट आले आणि नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. १९३५ साली त्यांनी प्रभातच्या धर्मात्मा सिनेमात संत एकनाथांचं काम केलं, पण कॅमेऱ्यासमोर त्यांचा जीव रमला नाही. ते पुन्हा रंगमंचाकडे वळले. पुढे वय झालं, पायातलं बळ गेलं, हातात पैसा उरला नाही. तरी बसल्या जागी भजनं गाणं चालू होतं.

१९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ साली पद्मभूषण. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पुण्यातल्या ज्या नाट्यगृहाची पायाभरणी १९६२ साली त्यांच्याच हातून झाली होती, त्या बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन व्हायचं होतं. ते झालं २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. तेव्हा ते नव्हते.

पुण्याचं रंगमंदिर सगळ्यांना ठाऊक असतं. पण जळगावातही त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, आणि बालगंधर्व संगीत महोत्सवाला खानदेशातले रसिक आजही गर्दी करतात. मेहबूबखाँ यांचं नाव मात्र त्या मानाने फार कमी लोकांना माहीत असतं.

पहिला सा लावून देणाऱ्या गुरूचं बहुतेकदा असंच होतं. शिष्य मोठा होतो, पुढे मोठे गुरू मिळतात आणि पहिलं नाव मागे पडतं. तुमच्याही कपाटावर एखादी गिटार किंवा पेटी पडून असेल, तर ती खाली काढताना हे एक नाव जरूर आठवा.