मलिक अंबर : हबसाणातून दख्खनेत

बत्हा, रियाध : अमेरिका खंडांत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी ढोल, नृत्य आणि दैवते यांच्या आधाराने आपला वारसा जपला. ब्राझीलमधील कांदोम्ब्ले हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दख्खनेत आलेल्या हबशांचा ठसा मात्र राज्यकारभारावर उमटला. त्यांत अग्रणी मलिक अंबर.

१५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. बालपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. अरबी द्वीपकल्पातील मोखा, तेथून बगदाद असे त्याचे धनी बदलत गेले. बगदादच्या मीर कासिमने त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नावही दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही मूळचा हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला आणि काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहून निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य संपल्यातच जमा होते. अंबरने दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसवले आणि पुढील पाव शतक ते राज्य तगवून धरले. त्याच्या फौजेत हबशी होते, तसेच मराठेही होते. रसद तोडणे, अचानक छापे घालणे आणि डोंगराळ मुलखाचा आसरा घेणे या गनिमी पद्धतीने त्याने मोगलांना जेरीस आणले. जहांगीराचा त्याच्यावरील राग इतका की, अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडणारा बादशहा त्याने चित्रात रंगवून घेतला. प्रत्यक्षात ते मस्तक कधीच त्याच्या हाती आले नाही. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेचा अंबरने पराभव केला. शहाजीराजे भोसले त्या लढाईत त्याच्या बाजूने होते.

लढायांच्या धामधुमीतही त्याने जमिनीची प्रतवारी करून साऱ्याची घडी बसवली. १६१०च्या सुमारास वसवलेल्या खडकी शहराला भूमिगत नहरीने पाणी पुरवले. तीच खडकी पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाली.

१६२६ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, अंबरचे निधन झाले. खुलदाबादेत त्याची कबर आहे. त्याची मातृभाषा आणि घरची गाणी यांचा मागमूस दख्खनेत उरला नाही. उरली ती नहर, आणि तिचेही अनेक भाग आता बुजले आहेत. अंबरचा आफ्रिकी वारसा हा महाराष्ट्राचाही वारसा असल्याने तिच्या जतनाची जबाबदारी मराठी समाजावरच येते.