मलिक अंबरचा हिशोब

विद्यार्थी मित्रांनो, अपूर्णांक आणि सरासरी तुम्ही वर्गात शिकता. चारशे वर्षांपूर्वी याच हिशोबावर आपल्या भागातील शेतकऱ्यांची भाकरी अवलंबून होती. तो हिशोब बसवून देणाऱ्या मलिक अंबरची ही हकिकत आहे.

मलिक अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगीजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर तो स्वतःच्या हिमतीवर सरदार झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. तेव्हा मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला परांड्यास गादीवर बसवले व बुडते राज्य सावरले.

त्या काळी सारावसुलीचा मक्ता देत. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून मनमानी वसुली करी. मलिक अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीचा कस पाहून त्याने तिची प्रतवारी लावली. सुरुवातीला तो पिकाचा सुमारे २/५ हिस्सा धान्याच्या रूपाने घेई. काही हंगामांचा अनुभव घेतल्यावर त्याने रोख सारा ठरवला. तो उत्पन्नाच्या सुमारे १/३ होता, असे सांगतात. शिवाय ज्या वर्षी जेवढी जमीन लागवडीखाली असेल, तेवढीच हिशोबात धरली जाई.

आता तुम्हीच गणित करा. समजा, एका शेतात तीन वर्षांत १२, १८ व १५ खंडी ज्वारी झाली. सरासरी आली १५ खंडी. तिचा २/५ हिस्सा म्हणजे ६ खंडी. शेतकऱ्याजवळ उरली ९ खंडी. १/३ हिस्सा म्हणजे ५ खंडी. आता उरली १० खंडी. कागदावर फरक फक्त १/१५ चा दिसतो. पण घरात एक खंडी, म्हणजे वीस मण ज्वारी जास्त राहते!

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मलिक अंबरने मोगल व आदिलशहा यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. १६२६ साली तो मरण पावला. त्याची कबर खुलदाबादला आहे. लढाया संपल्या, निजामशाहीही गेली. पण त्याची साऱ्याची पद्धत पुढेही लोकांच्या आठवणीत राहिली.

मित्रांनो, अहमदनगरला आज अहिल्यानगर म्हणतात. तेथील ज्वारीची शेते पाहाल, तेव्हा हा हिशोब आठवा. गणित चोख असेल, तर कोणाचाही हक्क बुडत नाही.