बत्तीस सभासदांत एकटे : पुणे नगरपालिकेतले जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले म्हटले की भिडेवाड्यातली शाळा, सत्यशोधक समाज आणि 'गुलामगिरी' आपल्याला आठवते. ११ एप्रिलच्या जयंतीला भाषणेही यावरच होतात. पण जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या खुर्चीवर बसून त्यांनी काय केले, हे आपल्या वस्त्यांत फारसे सांगितले जात नाही. आज आपल्यातले अनेक तरुण सरपंच, नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य होत आहेत. त्यांनी तरी हा भाग वाचायला हवा.

नगरपालिकेत आले तेव्हा जोतीराव पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढून, मग अस्पृश्यांच्या मुलांना शिकवून त्यांनी सनातन्यांचा रोष आधीच ओढवून घेतला होता. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. पोटासाठी ते शेती आणि बांधकामाची कंत्राटे करत. लोकवर्गणीवर किंवा सरकारी पगारावर त्यांचे घर चालत नव्हते.

त्या काळी नगरपालिकेच्या सभासदांची निवडणूक होत नसे, सरकार नेमणूक करी. सभागृहात बहुतेक प्रतिष्ठित, उच्चवर्णीय आणि पैसेवाली मंडळी. ज्याने नेमले त्याला दुखवायचे कशाला, हाच तिथला रिवाज. माळी समाजातून आलेल्या माणसाला अशा ठिकाणी जागा मिळाली, तर त्याने गप्प बसून मान मिरवावा, अशीच अपेक्षा असणार.

जोतीराव गप्प बसले नाहीत. १८८० मध्ये व्हाइसरॉयच्या पुणे भेटीसाठी शहर सजवायचे ठरले. एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा कर भरणाऱ्या लोकांचा आहे, तो कमानी-पताकांवर उधळण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. मतदान झाले तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकच पडले, ते जोतीरावांचे. प्रस्ताव मंजूर झाला, ते हरले. पण सरकारने नेमलेला माणूस सरकारच्याच स्वागताच्या खर्चाला नकार देऊ शकतो, हे त्या दिवशी सभागृहाने पाहिले.

त्याच वर्षी त्यांनी दारूच्या दुकानांचा प्रश्न नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीकडे लेखी मांडला. एकीकडे नगरपालिका शहराच्या आरोग्यावर खर्च करते आणि दुसरीकडे वाढती दारूची दुकाने तेच आरोग्य आणि गरिबांचे संसार बुडवतात, ही विसंगती त्यांनी दाखवली. दारूपासून सरकारला महसूल मिळत होता. त्यामुळे हे पत्र थेट सरकारच्या कमाईवर बोट ठेवणारे होते.

पुण्यात मोठी मंडई बांधण्याच्या बेतालाही त्यांचा विरोध होता. भव्य इमारतीआधी शिक्षणावर खर्च व्हावा, हीच त्यांची भूमिका. मंडई झालीच आणि गव्हर्नर रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई म्हणू लागले. ज्या वास्तूला विरोध केला तिच्यावरच त्यांचे नाव लागले. नाव लावणे सोपे असते, खर्चाचा क्रम बदलणे अवघड.

ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर त्यांनी निवेदन दिले. त्यावर स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सभासद अशी नोंदवली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यात होती. कर शेतकऱ्याने भरायचा आणि शिक्षण वरच्या जातींनी घ्यायचे, ही लूट त्यांनी आयोगापुढे मांडली. सभागृहातले मत आणि हे निवेदन यांत एकच सूत्र आहे: पैसा कोणाचा आणि तो खर्च कोणावर होतो.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर त्यांना गुरू मानले. बाबासाहेबही १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणूनच गेले आणि तिथे समाजाच्या बाजूने निर्भयपणे बोलले. नेमणूक कोणी केली यावरून निष्ठा ठरत नाही, हा धडा गुरू-शिष्य दोघांनीही घालून दिला.

आज वॉर्डात स्वागतकमानी उभ्या राहतात, फ्लेक्स लागतात आणि शेजारच्या नगरपालिका शाळेचे छप्पर गळत असते. अशा ठरावावर आपला प्रतिनिधी हात वर करतो की नाही, हे तरुणांनी सभागृहाच्या इतिवृत्तात जाऊन तपासावे. अर्थसंकल्प मागून घ्यावा, वाचावा, प्रश्न विचारावेत. आणि जो प्रतिनिधी एकटा पडूनही विरोधी मत देईल, त्याच्या पाठीशी उभे राहावे. जोतीरावांच्या पाठीशी त्या दिवशी सभागृहात कोणी नव्हते.

जय जोती! जय भीम!