खुर्चीतला व्याकरणकार : लिंडले मरे

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला स्वतःची ओळख करून देताना मी 'माय फादर फार्मर' म्हणालो आणि सारा वर्ग हसला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. 'माझे वडील शेतकरी' हे मराठीत पुरे वाक्य आहे. मग इंग्रजीत 'इज' कशाला हवे, हे मला कळेना. ते शोधता शोधता मला लिंडले मरे भेटला.

मरेचा जन्म १७४५ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, क्वेकर पंथाच्या घरात झाला. वडिलांनी शिक्षा केली म्हणून हा मुलगा घर सोडून पळाला आणि न्यू जर्सीतील बर्लिंग्टनच्या शाळेत जाऊन बसला. पुढे न्यूयॉर्कला त्याने वकिली केली, व्यापारात पैसाही मिळवला. परंतु स्नायू दुबळे होऊ लागले. हवापालटासाठी १७८४ साली तो इंग्लंडला निघाला व यॉर्कजवळ होलगेट येथे राहिला. हळूहळू चालणे बंद झाले. अखेरची बरीच वर्षे घरात, खुर्चीतच गेली.

तो शिक्षक नव्हता. यॉर्कमधील मुलींच्या एका शाळेतील शिक्षिकांना सोपे व्याकरण हवे होते. त्यांच्या आग्रहावरून लिहिलेले पुस्तक १७९५ साली निघाले आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. नियम बहुतेक आधीच्यांचेच. ते निवडून नीट मांडणे हे त्याचे काम. पुस्तकांचा पैसा त्याने दानधर्माला दिला.

'टु बी' या क्रियापदाच्या मागे जी विभक्ती तीच पुढे, असा एक नियम त्यात आहे. कारण हे क्रियापद कोणतीही क्रिया दाखवत नाही, नुसते जोडते. 'माय फादर इज अ फार्मर' यात वडील आणि शेतकरी एकच. म्हणून 'फार्मर' हे कर्म नव्हे, कर्त्याचे पूरक. त्याच न्यायाने 'इट इज मी' नव्हे, 'इट इज आय'. इंग्रजांनी बोलताना मात्र हे ऐकले नाही, आणि आजचे व्याकरणकारही 'इट इज मी' चूक मानीत नाहीत.

माझी निरक्षर आजी दाराबाहेरून 'मी आहे' म्हणते, 'मला आहे' कधीच म्हणत नाही. मरेचा नियम तिला न शिकताच येतो! फरक एवढाच, की आपण 'आहे' गाळू शकतो, इंग्रजीत 'इज' गाळता येत नाही. माझी मुख्य चूक तीच होती.

मरे १८२६ साली वारला. आता कुणी विचारले, तर मी 'माय फादर इज अ फार्मर' असे सावकाश म्हणतो; 'इज'वर थोडा थांबतोसुद्धा.